पितळ उघडे पडते तेव्हा
(द्वितीय वर्ष, कला)

मराठी भाषेने पितळेवर एक मोठा अन्याय करून ठेवला आहे. एखाद्याचे ढोंग चारचौघांत बाहेर आले की आपण म्हणतो, 'त्याचे पितळ उघडे पडले.' जणू पितळ म्हणजे सोन्याचे सोंग घेऊन हिंडणारा कोणी तोतयाच! सोन्याचा मुलामा उडाला आणि खालचे पितळ दिसले, यात बिचाऱ्या पितळेचा काय दोष? मुलामा देणारा हात दुसऱ्याचा, फसवायचा बेतही दुसऱ्याचा. बदनामी मात्र पितळेची. पितळ उघडे पडते तेव्हा खरोखर काय दिसते, हे पाहण्याची तसदी वाक्प्रचार करणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही.

मी हे एवढे मनावर घेतो याला कारण आहे. माझे वडील, आमचे आबा, कल्हई लावतात. भुसावळच्या आसपासच्या गावांत आठवडाभर फिरायचे, एखाद्या निंबाखाली खड्डा करून भाता बसवायचा आणि हाळी द्यायची, हे त्यांचे काम. आजोबाही हेच करीत. स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि हाळीला ओ देणारी घरे कमी झाली; तरी लग्नाकार्याची मोठी पातेली, देवळातली घंगाळे आणि आता पुन्हा हौसेने पितळ वापरू लागलेली काही घरे यांवर आमची चूल पेटते. आबांची शाळा तिसरीत संपली. आमच्या घरातून कॉलेजचा उंबरा ओलांडणारा मी पहिलाच. त्यामुळे घरात अक्षरे वाचणारा म्हणून माझा मान मोठा. पण वाचणारा मी एकटाच नव्हे. आबाही वाचतात, ते पितळ वाचतात.

गिऱ्हाइकाने भांडे पुढे ठेवले की ते आधी हातात घेऊन उन्हात धरतात. नुसती तपकिरी झाक असली तर बोलतही नाहीत. ती हवेने येते. भांडे वापरातून गेले, कपाटात पडून राहिले, की पितळेतले तांबे हवेतला प्राणवायू घेते आणि पिवळेपणावर मळभ येते. काळे डाग धुराचे किंवा गंधकाचे. चुलीवरच्या पातेल्याला आणि अंडी उकडलेल्या भांड्याला ते ठरलेले. कानाकोपऱ्यात हिरवट जंगाल दिसले की आबा विचारतात, 'मीठ ठेवलं होतं का यात? का ओलंच पालथं घातलं?' ओल, मीठ, घाम, आंबट पदार्थ यांनी जंगाल चढते, आणि अशाच भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. कल्हई लावायची ती त्यासाठीच. कथलाचा पातळ थर मध्ये आला की आंबटाची आणि तांब्याची गाठ पडत नाही.

या सर्व रंगांत आबा घाबरतात तो रंग गुलाबी. चिंचेत किंवा लिंबात पितळ फार वेळ बुडवून ठेवले की त्यावर तांबूस गुलाबी चट्टे येतात. अनोळखी माणसाला वाटते, भांडे किती छान उजळले! आबा नखाने टोकरून म्हणतात, 'इथला जीव गेला.' पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा संसार. आम्लाने जस्त आधी विरघळून जाते आणि मागे उरते ते सच्छिद्र, पोकळ तांबे. रंग देखणा, पण अंगात बळ नाही. हे शास्त्र मला पुढे कळले. 'जीव गेला' हे मात्र मी दहा वर्षांचा असल्यापासून ऐकत होतो.

आता या घरगुती विद्येचा बंदुकीच्या काडतुसाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. तो संबंध जुळला एन.सी.सी.च्या वार्षिक शिबिरात.

पॉइंट टू-टू रायफलीचे फायरिंग होते. पालथे पडून प्रत्येकाने आपापल्या गोळ्या झाडायच्या, आणि नंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या. एक जरी कमी भरली तरी सगळी फळी गवतात गुडघ्यावर. मला गोळी निशाणावर लागल्यापेक्षा पुंगळ्या गोळा करण्यातच जास्त गोडी वाटली. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान ती नळी, पण घरची वस्तू भेटल्यासारखे झाले. पितळच ते! तोंडाशी धुराने काळवंडलेले आणि पेंदाच्या कडेला घोड्याचा ठसा उमटलेले.

शेवटच्या दिवशी उस्तादांनी मोठ्या रायफलीचे प्रात्यक्षिक दाखवले. तिच्या पुंगळ्या वेचण्याचे काम आमच्याकडे आले. त्या पुंगळ्यांच्या मानेवर एक निळसर सोनेरी झाक होती, तव्याच्या कडेला येते तशी. मला वाटले, जळाले असेल. एका हौशी पोराने विचारले, 'उस्ताद, ब्रासो मारू का? चमकतील.' बेल्टचे बकल आम्ही सारे ब्रासोनेच घासतो. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, 'बकल को लगाओ, गोली को कभी नहीं.' आणि ती निळी झाक दाखवून पुढे म्हणाले, 'यह दाग नहीं है, निशानी है.'

ही दोन वाक्ये मी बरोबर घेऊन आलो. कॉलेजच्या ग्रंथालयात धातुशास्त्राची जुनी पुस्तके आहेत. विज्ञान शाखेची मुले ती फारशी काढत नाहीत, म्हणून ग्रंथपालांनी ती या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला दिली. अर्धे कळले, अर्धे विज्ञानाच्या मित्रांकडून समजून घेतले. जे कळले ते असे.

काडतुसाची पुंगळी बहुधा ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त अशा पितळेची असते. या मिश्रणाला इंग्रजीत नावच 'कार्ट्रिज ब्रास' म्हणजे काडतुसाचे पितळ असे पडले आहे. पत्र्याची चकती घ्यायची, ती दाबून वाटी करायची, मग ती वाटी साच्यातून ओढून लांबवायची. पुन्हा ओढायची, पुन्हा लांबवायची. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जाते. कडक पितळ आणखी ओढले तर फाटते. म्हणून दर ओढीनंतर ते तापवून नरम करतात, आणि मगच पुढची ओढ. तांबट हातोडीने घागर घडवतो तेव्हा हेच करतो. ठोकले की ताव, ताव दिला की ठोक. शेवटी पुंगळीच्या मानेला एकदा ताव देतात, कारण गोळी आवळून धरण्याचे काम मानेचे, आणि मान कडक राहिली तर तडकते. त्या शेवटच्या तावाचा रंग म्हणजे ती निळसर सोनेरी झाक. बाजारी काडतुसांवरची ती झाक कारखाने पुष्कळदा पुसून टाकतात, कारण गिऱ्हाइकाला चमक हवी असते. लष्करी काडतुसांवर ती बहुधा तशीच ठेवतात. म्हणजे ज्याला मी जळाल्याचा डाग समजत होतो ती काळजी घेतल्याची खूण होती. उस्तादांचे दुसरे वाक्य उलगडले.

आमच्या भुसावळ तालुक्यात वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा कारखाना आहे. खडकीचा तर १८६९ सालचा. २०२१ साली सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा हे दोन्ही एकाच कंपनीत गेले. लहानपणापासून एस.टी.च्या खिडकीतून वरणगावच्या कारखान्याचे कुंपण पाहत आलो, पण आत जे पितळ ओढले जाते ते आबांच्या हातातल्या पितळेचेच भावंड आहे, हे कधी मनात आले नव्हते.

पुंगळीचे काम क्षणभराचे, पण मोठे बिकट. दारू पेटली की आत वातावरणाच्या तीन हजार पटींहून जास्त दाब होतो. त्या दाबाने पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, मागे वायू येऊ देत नाही. आणि दाब उतरताच पुन्हा थोडे आक्रसते, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. फुगायचे, चिकटायचे आणि वेळेवर सोडायचे, हे तिन्ही गुण एका धातूत असणे सोपे नाही. पितळेत ते आहेत.

म्हणूनच एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा भरता येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेच्या सैन्याच्या दूरदूरच्या ठाण्यांवर शिपाई पुंगळ्या पुन्हा भरीत. आजही तिकडे हौशी नेमबाज घरच्या टेबलावर हा उद्योग करतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा कोणी या लेखावरून स्फूर्ती घेऊ नये! शिवाय आमच्या पॉइंट टू-टूच्या पुंगळीत ते जमण्यासारखेही नाही. तिच्यात ठिणगीचा मसाला पेंदाच्या कडेतच भरलेला असतो, बदलता येईल अशी वेगळी टोपी नसते.) त्या लोकांचे पितळ वाचणे मी पुस्तकातून समजून घेतले आणि थक्क झालो. ते थेट आबांचेच वाचणे होते.

तपकिरी झाक? चालेल. धुराचा काळेपणा? धुऊन टाका. काळ्या दारूच्या जमान्यात तर झाडलेल्या पुंगळ्या लगेच पाण्यात टाकाव्या लागत, कारण त्या दारूची राख ओल धरून पितळ खाई. कातडी पट्ट्यात वर्षानुवर्षे खोचून ठेवलेल्या काडतुसांवर हिरवे जंगाल चढते, ते कातडे कमावताना वापरलेल्या आम्लांमुळे. वरवरचे असेल तर पुसा, खाली खड्डा पडला असेल तर पुंगळी फेकून द्या. आणि गुलाबी चट्टा? जस्त गेले. फेका. साफ करण्यासाठी ते लोक अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या कणसाच्या गाभ्याच्या भुशात पुंगळ्या घोळतात. काही जण लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्यात थोडा वेळ बुडवतात. आमची राख आणि चिंच, त्यांचे अक्रोड आणि लिंबू. थोडा वेळ, एवढी अट मात्र दोन्हीकडे सारखीच.

जुन्या टोप्यांत पाऱ्याचे एक स्फोटक असे. त्यातला पारा आतून पितळेत शिरे आणि ते ठिसूळ करी. वरून पुंगळी धडधाकट, पिवळीजर्द. पुन्हा भरून झाडली की तुकडे. आणखी एक गोष्ट तर मला फारच विलक्षण वाटली. पुनःपुन्हा झाडलेल्या पुंगळीच्या पेंदाच्या थोडे वर कधी कधी एक चकचकीत रेघ दिसू लागते, बांगडीसारखी गोल. अनुभवी माणूस ती रेघ पाहिली की पुंगळी बाजूला काढतो आणि टोक वाकवलेली तार आत घालून चाचपतो. आतून तिथे खोबण पडलेली असते. पितळ ताणून ताणून पातळ झालेले असते, आणि पुढच्या बाराला पेंद वेगळे होण्याचा धोका असतो. काळा डाग निरुपद्रवी आणि चकचकीत रेघ घातक! चमक पाहून भुलणाऱ्यांनी ही रेघ एकदा पाहावी.

उस्तादांचे पहिले वाक्य अजून उरले होते. गोळीला ब्रासो का नाही? त्याचे उत्तर थेट आपल्या देशातल्या पावसाळ्यात निघाले.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या पलटणींना एक कोडे पडले होते. पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत आणि काडतुसे पेट्यांत रचून ठेवली जात. पाठ्यपुस्तके सांगतात की ती घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात तर कित्येक पुंगळ्यांच्या माना उभ्या तडकलेल्या. कोणी त्या झाडल्या नव्हत्या, कोणी आपटल्या नव्हत्या. नुसत्या पडल्या पडल्या उलल्या होत्या. या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. १९२१ साली इंग्लंडमधल्या मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी त्याचा उलगडा केला.

पागेत पाऊल टाकले की नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचा. घोड्यांच्या मुतारीतून तो हवेत उठतो आणि पावसाळी ओलीत विरघळून पितळेवर बसतो. तांब्याला अमोनियाचे विलक्षण आकर्षण. विज्ञानाच्या एका मित्राने मला परीक्षानळीत मोरचुदाच्या फिक्या पाण्यात अमोनिया ओतून दाखवला. क्षणात असा गडद निळा रंग आला की शाईने लाजावे. पण एवढ्याने पितळ तडकत नाही. निळसर डाग पडेल, थोडे झिजेल, इतकेच. तडा जायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आतला ताण. पुंगळी ओढून ओढून घडवलेली असते. शेवटच्या ओढीचा, तोंड आवळल्याचा ताण पितळेच्या अंगात कोंडलेला राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. असे ताणलेले पितळ आणि थोडासा अमोनिया एकत्र आले की धातूच्या कणाकणांतल्या सांध्यांतून चीर आत शिरते, आणि एक दिवस मान उभी फुटते.

ताण नसता तर अमोनियाने नुसता डाग पडला असता. अमोनिया नसता तर तो ताण वर्षानुवर्षे गप्प बसून राहिला असता. दोघांपैकी एकट्याचे हे काम नव्हे. पितळ चकचकीत करण्याच्या पातळ पॉलिशांत पुष्कळदा अमोनिया असतो. बेल्टचे बकल जाड, त्याचे काही बिघडत नाही. काडतुसाची पातळ, आवळलेली मान मात्र सांभाळायला हवी. चमकवायला जावे आणि तडा देऊन बसावे, असा तो प्रकार.

आणि यावर उपाय काय? पितळ बदलणे हा एक. जस्त १५ टक्क्यांहून कमी असले तर हा रोग सहसा होत नाही. पण पुंगळीला लागणारे बळ त्यात मिळत नाही. दुसरा उपाय तावाचा. घडवून झालेले पितळ सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत मंद तापवायचे. नरम पडेल इतके तापवायचे नाही. एवढ्या उष्णतेत पितळेचे बळ तसेच राहते, आणि आतला ताण मात्र सैल होतो. हे वाचताना मला कथील आठवले. कथील वितळते २३२ अंशांवर. कल्हई लावताना भांडे तापते ते त्याच्या थोडे वर. म्हणजे कल्हईचा ताव आणि काडतुसाला दिलेला हा ताव जवळजवळ एकाच पायरीवरचे. आबा तापल्या भांड्यावर नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, डोळ्यांत पाणी येते. नवसागर हा अमोनियाचाच क्षार. तरी भांडे तडकत नाही. ज्या विस्तवावर नवसागर पडतो त्याच विस्तवाने भांड्याचा ताण सैल केलेला असावा. हा माझा कयास आहे, पण आबांना तो पटला.

पटला, कारण त्यांना एक जुनी गोष्ट बोचत होती. माझ्या जन्माच्या आधी एका घरी त्यांनी नव्या घागरीला कल्हई केली. घागर गोठ्याच्या वळचणीला ठेवलेली असे. कल्हई झाल्यावर पांढऱ्या कथलातून काठाशी चार बोटे लांब चीर ठळक दिसू लागली. घरमालकाने आळ घेतला, विस्तव जास्त करून घागर फोडली. आबांनी ती चीर उन्हात धरून दाखवली. म्हणाले, चिरेच्या आतली कड काळी आहे. आत्ता फुटली असती तर आतून पिवळी दिसली असती. ऐकतो कोण? मजुरी गेली ती गेलीच, त्या गल्लीत पुढे बोलावणेही आले नाही. कल्हईवाल्याचे म्हणणे, ते पुरावा कसे होणार?

मी त्यांना पागेची गोष्ट सांगितली. गोठा, ओल, नवी ठोकलेली, ताव अपुरा राहिलेली घागर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, 'त्या तिघा सायबांनी चिरेची कड बघितली होती का?' मी म्हटले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. 'मग बरोबर आहे', आबा म्हणाले आणि भाता ओढू लागले. साहेबांनी आबांना प्रमाणपत्र दिले नव्हते. आबांनी साहेबांना दिले!

इथवर लेख धातूविषयी झाला. पण हे सारे वाचत असताना माझ्या डोळ्यांसमोर घागर नव्हती, पुंगळीही नव्हती. पहिल्या वर्षाला माझ्या बाकावर बसणारा एक सोबती होता. त्याचे नाव लिहीत नाही. केळीच्या पट्ट्यातला मुलगा. रात्री केळीच्या गाड्या भरायचा, पहाटेची एस.टी. पकडायचा आणि पहिल्या तासाला डोळे ताणून बसायचा. घरी बहिणीच्या लग्नाचे कर्ज, इंग्रजीचा पेपर राहिलेला, वही एकच, तिच्या दोन्ही बाजूंनी दोन विषय. हसरा असा की यातले काही कुणाला कळू नये. एकदा शिष्यवृत्तीच्या कागदासाठी एका खिडकीशी उभा राहिला. आडनाव आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर एक. एका वेलांटीचा फरक. खिडकीतून आवाज आला, 'नाव धड लिहिता येत नाही, बी.ए. होऊन काय करणार?' मागे रांगेत मुले हसली. वाईट मनाने नव्हे, हसतात तशी हसली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

वर्गात सगळे म्हणाले, 'एवढ्याशा बोलण्यावरून कॉलेज सोडले!' गावात म्हणाले, 'पोरगं कच्चं निघालं.' म्हणजे पुन्हा तेच, पितळ उघडे पडले!

एवढेसे बोलणे. खरेच ते एवढेसेच होते. ते वाक्य आमच्यातल्या दुसऱ्या कोणाला ऐकवले असते तर डाग पडला असता, दोन दिवसांत पुसला गेला असता. पण त्याच्या अंगात किती ओढींचा ताण कोंडला होता, हे कोणी मोजले होते? आम्ही खिडकीतले वाक्य मोजले आणि ते लहान भरले. म्हणून त्याला कच्चा ठरवले. मला आता वाटते, तो कच्चा नव्हता. नरम धातू असा तडकत नाही. जो फार ओढला गेला आहे, ज्याने फार बळ धरले आहे, तोच तडकतो.

आपल्या कॉलेजात असे पुष्कळ आहेत. घरातून पहिलेच आलेले. शहरी मराठी, इंग्रजी पाठ्यपुस्तके, परीक्षेचा अर्ज, मुलाखतीतले 'टेल मी अबाउट युवरसेल्फ', अशा एकामागून एक साच्यांतून आम्ही ओढले जात असतो. ओढीबद्दल माझी तक्रार नाही. ओढल्याशिवाय चकतीची पुंगळी होत नाही आणि ठोकल्याशिवाय पत्र्याची घागर होत नाही. पण तांबटाला जे कळते, कारखान्याला जे कळते, ते शिक्षणालाही कळायला हवे: दर ओढीनंतर ताव. तो फार मोठाही लागत नाही. आमच्या एका सरांना हजेरी घेताना एखाद्याचा चेहरा पाहून 'डबा आणलास का रे?' असे विचारायची सवय आहे. पोरे त्याची नक्कल करतात. मला ते २५० अंश वाटतात. तेवढ्याने कोणी नरम पडत नाही, आतले काहीतरी मात्र सैल होते.

आबांना मी विचारले, उललेल्या घागरीला पुन्हा ताव दिला तर चीर भरते का? ते म्हणाले, नाही. ताव आधी द्यायचा असतो. एकदा चीर पडली की विस्तवाने ती मिटत नाही. मग डाग द्यावा लागतो. आमच्या धंद्यात झाळ लावून सांधण्याला 'डाग देणे' म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक असेल. डाग दिलेली जागा कायम दिसते. तिचा रंग मूळ पितळेशी कधीच जुळत नाही. पण घागर पाणी धरते.

सोबती सध्या रावेरकडे केळीच्याच गाड्या भरतो. फोन उचलतो, कॉलेजचे नाव निघाले की विषय बदलतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून बी.ए. करता येते. प्रवेशाची सगळी माहिती मी एका कागदावर उतरून घेतली आहे आणि कोणती कागदपत्रे लागतात त्याची यादीही केली आहे. आडनावाच्या वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्र कुठे करून मिळते, तेही विचारून ठेवले. येत्या रविवारी आबांचा फेरा त्याच बाजूला आहे. भात्याची पिशवी घेऊन मीही बरोबर जाणार आहे.